जुना लॅपटॉप : नवा घ्यायचा की सुधारायचा?

आपल्या शाळेत कॅडेटला स्वतःचा लॅपटॉप ठेवता येत नाही. त्यामुळे सुट्टीत घरी गेल्यावर घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर सगळ्यांची गर्दी होते. तो बहुधा जुना असतो. बटण दाबायचे, आंघोळ करून यायचे, तोवर तो कसाबसा तयार झालेला असतो. मग घरात कोणीतरी म्हणतेच, ‘आता नवीन घ्यायला हवा.’

मित्रांनो, नवीन घेण्याआधी एक काम करा. जुना लॅपटॉप नेमका कशामुळे हळू झाला आहे, ते शोधा. पुष्कळदा त्याचा प्रोसेसर ठणठणीत असतो आणि माहिती साठवणारी डिस्क किंवा रॅम कमी पडत असते. हे दोन भाग बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये घरच्या घरी बदलता येतात. कोणता भाग आधी बदलायचा, काय तपासायचे आणि कधी या फंदात पडायचेच नाही, हे मी इथे सांगणार आहे. उदाहरण आमच्या घरच्या लॅपटॉपचे आहे.

टेबल आणि स्टोअर

प्रेपच्या वेळी तुम्ही अभ्यासाला बसता, तेव्हा हाताशी लागणारी पुस्तके टेबलावर असतात. बाकीचे सामान दूर, स्टोअरमध्ये ठेवलेल्या ट्रंकेत असते. संगणकातही असेच आहे. रॅम म्हणजे टेबल आणि डिस्क म्हणजे स्टोअर. आत्ता चालू असलेली कामे रॅमवर मांडलेली असतात. वीज गेली की रॅम रिकामी होते. डिस्कवरची माहिती मात्र तशीच राहते.

टेबल लहान असेल तर नवे पुस्तक उघडण्यासाठी जुने उचलून स्टोअरमध्ये ठेवावे लागते आणि पुन्हा लागले की परत आणावे लागते. रॅम भरली की संगणक हेच करतो. रॅममधला काही भाग तो डिस्कवर नेऊन ठेवतो आणि गरज पडली की परत आणतो. आता स्टोअर किती लांब आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपमधल्या बऱ्याच डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. तबकडीवर एक बारीक हात पुढेमागे सरकत असतो. हवी ती माहिती सापडण्यासाठी हाताला योग्य जागी सरकावे लागते आणि तबकडी फिरून त्याच्याखाली यावी लागते. या सगळ्याला साधारण १५ मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये असते आणि साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळते. रॅम तर याहून खूपच वेगवान, तिला साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात.

हे आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून त्यांना मोठे करून पाहू. समजा, टेबलावरचे पुस्तक उचलायला एक सेकंद लागतो. त्याच हिशेबाने एसएसडीच्या स्टोअरमधून पुस्तक आणायला सुमारे १७ मिनिटे लागतील. हार्ड डिस्कच्या स्टोअरमधून आणायला सुमारे ४२ तास, म्हणजे पावणेदोन दिवस! संगणक चालू होताना अशा हजारो लहान लहान फाइली आणाव्या लागतात. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ नुसता वाट पाहत उभा असतो.

म्हणून हार्ड डिस्क वाईट होती असे मात्र नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क असलेला रॅमॅक संगणक आणला. त्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तिच्यात मावेलच असे नाही. तिथपासून हातावर मावणाऱ्या ३२० जीबीच्या डिस्कपर्यंत येणे ही मोठीच मजल होती. फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला, पण ती घरगुती लॅपटॉपमध्ये परवडण्याइतकी स्वस्त व्हायला पुढे बरीच वर्षे गेली.

आधी टेहळणी, मग कारवाई

आमच्या घरी लेनोवो थिंकपॅड एक्स २२० आहे. हे मॉडेल २०११ मध्ये बाजारात आले. बाबांनी तो सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून रिफर्बिश्ड, म्हणजे कार्यालयात वापरून काढलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकलेला, असा घेतला होता. ताई बी.एस्सी.ला आहे. तिचे प्रोजेक्ट, जर्नल, फॉर्म भरणे, सगळे त्याच्यावरच चालते. गेल्या मे महिन्यात मी घरी गेलो, तेव्हा ती रोज वैतागत होती. जवळच्या एका दुकानदाराने लॅपटॉप उघडूनही न पाहता सांगितले होते, ‘इसका टाइम हो गया, नया ले लो.’ नवा लॅपटॉप म्हणजे पस्तीस-चाळीस हजार रुपये. ताईच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे जवळपास तेवढेच होते. बाबा फॉरवर्ड एरियात होते. फोनवर ते एवढेच म्हणाले, ‘तुम्ही दोघे नीट बघा आणि मग मला सांगा.’

बघायचे म्हणजे काय? विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के वापरात आहेत, ते दिसते. लॅपटॉप नेहमीसारखा अडखळत असताना हे आकडे पाहा. आमच्याकडे प्रोसेसर २० टक्क्यांच्या आसपास होता, मेमरी ४ जीबीपैकी जवळजवळ सगळी भरलेली होती आणि डिस्क मिनिटन्‌मिनिट १०० टक्क्यांवर होती. निदान तिथेच झाले. प्रोसेसरच जर सतत १०० टक्क्यांवर असेल, तर मात्र डिस्क आणि रॅम बदलून फारसा उपयोग होणार नाही.

दुसरी तपासणी डिस्कच्या तब्येतीची. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती वाचता येते. खराब झालेल्या जागा वाढत असतील तर तो प्रोग्राम पिवळा किंवा लाल इशारा देतो. आमच्या डिस्कला पिवळा इशारा होता, म्हणजे ती केव्हाही दगा देऊ शकत होती.

हे वाचून ताई एकदम गप्प झाली. आमचे आजोबा फौजेत होते. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी तिने त्यांना बोलते करून चाळीस मिनिटे रेकॉर्डिंग केले होते. ते फक्त या डिस्कवर होते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आम्ही सगळी कागदपत्रे, फोटो आणि ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतले आणि एक प्रत मामाच्या संगणकावर ठेवली. बॅकअप ही पहिली पायरी आहे. ती झाल्याशिवाय दुसरी पायरी चढायची नाही.

खरेदीच्या आधी चार प्रश्न

पहिला प्रश्न, रॅम कोणत्या पिढीची? डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. त्यांच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०. डीडीआर३ मध्येही दोन प्रकार आहेत. साधी रॅम १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. डीडीआर३एल दोन्ही व्होल्टेजवर चालते, म्हणून ती एक्स २२० सारख्या जुन्या लॅपटॉपलाही चालते. उलट मात्र होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची रॅम चालत नाही.

दुसरा प्रश्न, जास्तीत जास्त किती रॅम? एक्स २२० मध्ये दोन खाचा आहेत. कंपनीच्या कागदावर कमाल ८ जीबी लिहिले आहे, पण त्यातला प्रोसेसर १६ जीबीपर्यंत घेतो आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या त्यात चालतात. साध्या कामाला ८ जीबी पुरते. आमच्याकडे ४ जीबीची एक पट्टी होती आणि एक खाच रिकामी होती, म्हणून आम्ही आणखी एक ४ जीबीची घेतली. सारख्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलू शकतो, हा वेगळा फायदा. एक गोष्ट मात्र पाहून घ्या. विंडोज ३२ बिटची असेल तर तिला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही, कारण ३२ बिटांत तेवढेच पत्ते मावतात. अशा वेळी आधी ६४ बिटची प्रणाली टाकावी लागते.

तिसरा प्रश्न, डिस्कचा आकार कोणता? जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते. तिची जाडीही मोजा. काही लॅपटॉपमध्ये ९.५ मिलिमीटरची डिस्क बसते, एक्स २२० मध्ये मात्र फक्त ७ मिलिमीटरची. अडीच इंची एसएसडी बहुतेक ७ मिलिमीटरच्याच असतात. दुकानात च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम डॉट टू एसएसडीही मिळते. ती वेगवान असली तरी अडीच इंची जागेत तशीच बसत नाही. स्वस्त दिसली म्हणून ती उचलू नका.

चौथा प्रश्न, हे भाग मुळात बदलता येतात का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची डकवलेली असते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिपसुद्धा तशीच असते. तिथे घरी काहीच करता येत नाही. मॉडेलचे नाव आणि ‘सर्व्हिस मॅन्युअल’ असे शोधले की कंपनीची पुस्तिका बहुधा सापडते. ती आधी वाचा.

प्रत्यक्ष काम

आम्हाला २४० जीबीची एसएसडी, ४ जीबीची वापरलेली रॅम आणि साटाची यूएसबी केबल, एवढे लागले. तिन्ही मिळून खर्च अडीच हजार रुपयांच्या आसपास आला.

जुन्या डिस्कवर १४० जीबी माहिती होती. ती २४० जीबीत सहज मावते, म्हणून आम्ही सगळी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवली. याला क्लोनिंग म्हणतात. एसएसडी केबलने यूएसबीला जोडायची आणि क्लोनिंगचा प्रोग्राम चालवायचा. यात एकच धोका असतो. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे उलटे निवडले तर सगळी माहिती पुसली जाते. म्हणून दोन्ही डिस्कचे आकार कागदावर लिहून ठेवा आणि ‘होय’ म्हणण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आमच्याकडे मी मोठ्याने वाचत होतो आणि ताई कागदाशी ताडून पाहत होती.

मग लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि मागची बॅटरी खटके सरकवून बाहेर काढली. चालू करायचे बटण काही सेकंद दाबून ठेवले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगातल्या स्थिर विजेने चिप खराब होऊ शकते, म्हणून नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळा. काम सुरू करण्याआधी धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावा. स्क्रू ठेवायला फ्रिजमधला बर्फाचा ट्रे उत्तम. ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने एकेका कप्प्यात ठेवायचे.

एक्स २२० ची डिस्क काढायला एकच स्क्रू आहे. झाकण सरकवले की डिस्क पट्टीला धरून ओढता येते. तिच्या दोन्ही बाजूंचे रबर काढून एसएसडीला लावले आणि ती त्याच जागी आत सरकवली. रॅमच्या दोन्ही खाचा खालच्या झाकणाखाली आहेत. पट्टी कडेने धरायची आणि तिच्या सोनेरी पिनांना बोट लावायचे नाही. साधारण ३० अंशांच्या कोनात ती खाचेत घालायची, पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज आला की पट्टी बसली. जोर लावावा लागत असेल तर थांबा, बहुधा खाच जुळलेली नसते.

सुरू केल्यावर एफ १ दाबून बायोसमध्ये रॅम ८ जीबी दिसते का, ते पाहिले. वापरलेली रॅम असेल तर मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर पट्टी दुकानात परत करा. वरून चांगली दिसणारी पण सदोष रॅम हळूहळू फाइली बिघडवते आणि ते लवकर लक्षातही येत नाही.

फरक किती पडला?

मी दोन्ही भाग एकदम बदलले नाहीत. कोणत्या भागाने किती फरक पडतो, हे मला पाहायचे होते. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिले पान दिसेपर्यंतचा वेळ मी स्टॉपवॉचने प्रत्येक वेळी तीनदा मोजला आणि सरासरी काढली.

जुनी डिस्क आणि ४ जीबी रॅम असताना ३ मिनिटे १० सेकंद लागत होते. फक्त रॅम ८ जीबी केल्यावर ३ मिनिटे २ सेकंद. रॅम पुन्हा ४ जीबी करून फक्त एसएसडी लावली, तेव्हा ३८ सेकंद. दोन्ही मिळून ३६ सेकंद. म्हणजे चालू होण्याच्या वेळेत जवळजवळ सगळा फरक एसएसडीमुळे पडला.

मग रॅमचे पैसे वाया गेले का? नाही. रॅमचा उपयोग काम करताना कळतो. ताई ब्राउझरमध्ये बारा पाने, प्रोजेक्टची फाइल आणि एक मोठी पीडीएफ एकदम उघडी ठेवते. ४ जीबी असताना एका खिडकीतून दुसरीत जाताना लॅपटॉप गोठायचा. ८ जीबी झाल्यावर ते थांबले. पैसे एकाच भागापुरते असतील तर आधी एसएसडी घ्या. दोन्हींपुरते असतील तर रॅमही घ्या.

नंतरची काळजी

एसएसडी काठोकाठ भरू नका, थोडी जागा मोकळी ठेवा. हार्ड डिस्कवर करतात तसे डिफ्रॅगमेंट तिच्यावर करू नका. त्याने वेग वाढत नाही, उलट चिपचे आयुष्य कमी होते. आणि एसएसडीसुद्धा बिघडतेच, तीही बहुधा पूर्वसूचना न देता. बॅकअप चालूच ठेवा.

जुनी डिस्क लगेच टाकू नका. नवे सगळे नीट चालते आहे, याची काही आठवडे खात्री करा. टाकण्याआधी ती पूर्ण पुसा. फाइल डिलीट केली तरी माहिती तिथेच असते, फक्त यादीतले तिचे नाव जाते. साध्या मोफत प्रोग्रामने ती परत काढता येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आईवडील सैन्यात आहेत. बदलीचे कागद, ओळखपत्रांच्या प्रती, बँकेची खाती असे काहीही जुन्या डिस्कवर राहिलेले असू शकते. हार्ड डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यांनी भरणे, हा सोपा उपाय आहे. त्यानंतरही ती कचऱ्याच्या डब्यात नको. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे ती अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या.

आणखी एक अडचण प्रणालीची आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो. एक्स २२० चा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आहे. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकले. ते मोफत आहे आणि त्यात देवनागरी टंकलेखनाची सोय आहे. ताईला सवय व्हायला आठवडा लागला. आता ती माझ्याकडे तक्रार करत नाही.

सगळेच जुने लॅपटॉप असे वाचवता येत नाहीत. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, लॅपटॉप चार्जही करू नका. तो जाणकाराकडेच द्या. बिजागरी तुटली आहे, पडद्यावर रेघा आहेत आणि चार्जिंगही होत नाही, असे सगळे एकदम असेल तर दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीपुढे जातो. आणि जुना लॅपटॉप सुधारला तरी नवा होत नाही. आमच्या एक्स २२० वर मोठे खेळ चालत नाहीत आणि त्याची बॅटरी दीड तासच टिकते. पण ताईचे काम होते, आणि फीचे पैसे फीलाच गेले.

पुढच्या सुट्टीत बाजारात जाण्याआधी एका कागदावर एवढे लिहून न्या : लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल, रॅमचा प्रकार आणि रिकाम्या खाचा, डिस्कचा आकार आणि जाडी, आणि जुन्या डिस्कवर किती जीबी माहिती आहे. बॅकअप झाला का, हेही त्याच कागदावर लिहा. त्यापुढे ‘हो’ आल्याशिवाय घराबाहेर पडू नका.